संदर्भ

कलेक्टर कचेरीच्या भिंतीला टेकून माझं टेबल.
वर निळी ताडपत्री, खाली टाइपरायटर,
अर्जाचे चाळीस रुपये, कार्बनचे वेगळे.

उत्तम घोडके पहिल्यांदा आला
तेव्हा त्याच्या डाव्या कानात कापूस होता.
'न्यू सरगम ब्रास बँड, क्लॅरनेट'
असं त्यानं नावाआधी सांगितलं.
तुळशीच्या लग्नानंतरची पहिलीच तीथ,
वरात बंगल्यासमोर अडलेली,
साहेब बनियनवरच बाहेर आले.
जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक.
एकच चापट, म्हणाला तो.
मी लिहिलं : मारहाण.
पडदा फाटला म्हणायलेत डॉक्टर.
मी लिहिलं : कायमची इजा.
वाजवायलोच होतो की, थांबायलोच होतो,
हे त्यानं दोनदा सांगितलं.
ते कुठं बसवावं कळेना, सोडून दिलं.

विषय : चौकशी होऊन कारवाई होणेबाबत.
संदर्भ : कोरा.
पहिल्या अर्जाला संदर्भ नसतो.

दुसऱ्याला पहिला होता.
तिसऱ्याला पहिले दोन, आणि एक उत्तर :
'उचित कार्यवाहीस्तव वर्ग.'
वर्ग नांदेडला. नांदेडहून मुंबईला.
मुंबईहून, स्वयंस्पष्ट अभिप्रायासाठी,
साहेबांच्याच टेबलावर.

सुरुवातीला गाव तापलं होतं, नाही असं नाही.
मोंढा बंद राहिला, हमाल काट्यापाशी बसून होते,
कॉलेजच्या पोरांनी फलक धरले,
त्यात 'निलंबित' मधली वेलांटी चुकलेली.
दुपारी तीनला तुरीच्या गाड्या आल्या
आणि एकेक शटर वर गेलं.

आता खाजाभाईच्या हॉटेलात कुणीतरी विचारतं,
काय झालं हो त्या चौकशीचं?
चालू हे.
चालू म्हणजे आपल्या नळासारखी,
दहा दिवसांआड, रात्री दोनला,
आणि तेव्हाच नेमकी मोटरीला लाइट नसते.

एकदा चौकशी अधिकारी आले, विश्रामगृहावर उतरले.
घोडेवाला म्हणाला, मी घोडा धरला होता.
नवरदेव म्हणाला, मुंडावळ्या आड आल्या.
उत्तमला सुनावणीची नोटीस होती.
सकाळपासून बाकावर बसला, धुतलेला सदरा घालून.
शिपायानं पुकारा केला
डाव्या बाजूनं.
शेरा पडला : अर्जदार गैरहजर.

त्या रात्री मी जेवलो नाही, असं लिहिलं असतं
तर बरं दिसलं असतं.
जेवलो. वांग्याची भाजी होती.

आणि हेही सांगून टाकतो :
गणपतीच्या आधी शांतता समितीनं मानपत्र दिलं साहेबांना.
'कर्तव्यकठोर, तरीही मनमिळाऊ.'
टाइप मीच केलं.
दीडशे रुपये, जाड कागद, कडेला वेलबुट्टी.
मधला शब्द 'तरीही' माझा.
वाचताना कुणी अडखळलं नाही.

काल सोळावा अर्ज झाला.
संदर्भांनी पहिलं पान भरलं,
मजकूर मागच्या बाजूला गेला.
उत्तमनं कागद उलटसुलट केला,
म्हणाला, ह्याच्यात आपलं म्हणणं कुठं हे?
मी बोट ठेवून दाखवलं.
त्यानं चाळीस रुपये मोजले. मी वीस परत केले.
त्यानं ते घेतले नाहीत, म्हणाला,
मंग सतराव्याला जमा धरा.

परवा दगडूशेठ लोहियाच्या नातवाची वरात होती.
क्लॅरनेट अर्धा सूर खाली.
सगळ्या गावाला ऐकू येतं ते वर्षभर झालं,
लोक नाचताना जरा बाजूला बघतात.
बंगला आला तसा बँडमालकानं हात वर केला.
ढोल थांबला, ताशा थांबला,
दोनशे माणसांच्या चपलांचा तेवढा आवाज,
बंगल्याच्या व्हरांड्यात दिवा.

उत्तम वाजवतच राहिला.
त्याला कळलं नाही, की कळूनही,
मला सांगता येणार नाही.
एकटं क्लॅरनेट, अर्धा सूर खाली,
फाटकापासून वळणापर्यंत.

उजव्या बाजूला मीच होतो,
खांद्याला हात लावायच्या अंतरावर.